गिझर बंद केला का?

स्मार्ट थर्मोस्टॅट म्हणजे घरातली ऊब दुरून, फोनवरून कमी-जास्त करण्याचे यंत्र. ते बसवायचे तर घरात आधी ऊब तयार करणारे काहीतरी असावे लागते. थंड देशांत तळघरात बॉयलर किंवा भट्टी असते. तिथून गरम पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांत फिरते किंवा जमिनीजवळच्या जाळ्यांतून गरम वारा येतो. मीरा-भाईंदरमध्ये इमारतीला तळघर असलेच तर त्यात गाड्या लावतात, आणि भिंतीतून फिरणाऱ्या पाण्याला गळती म्हणतात. घर तापवण्याचे काम सूर्य करतो. त्याचे बिल येत नाही आणि त्याला कोणी सांगितलेलेही नसते. अन्न सोडले तर या शहरात मुद्दाम, पैसे मोजून तापवली जाणारी वस्तू एकच: बाथरूमच्या भिंतीला टांगलेल्या टाकीतले पंधरा लिटर पाणी. स्मार्ट थर्मोस्टॅटचा मीरा-भाईंदरी अवतार शोधायचा तर तो या टाकीपाशी, म्हणजे गिझरपाशी सापडतो.

इथला हिवाळा मोजायला थर्मोमीटरपेक्षा कपाटाचा वरचा खण बरा. स्वेटर खाली आला की हिवाळा सुरू, परत वर गेला की संपला. एखाद्या वर्षी मधले अंतर चार दिवसांचे असते. जानेवारीच्या पहाटे पारा १६-१७ अंशांपर्यंत उतरतो. तेवढ्यावर बागेत फिरायला येणाऱ्यांच्या कानटोप्या बाहेर पडतात, आणि 'यंदा थंडी अशी पडलीच नाही' ही तक्रार ते कानटोपी न काढता करतात. सांताक्रूझला नोंदलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, २२ जानेवारी १९६२ चे. तेव्हा मीरा-भाईंदरला महापालिका तर सोडाच, नगरपालिकाही नव्हती (ती १९८५ ची, महापालिका २००२ ची). त्यामुळे त्या थंडीचे निवेदन कोणाला द्यायचे, हा प्रश्न तसाच राहून गेला.

दुरून चालणाऱ्या उष्णतेशी मात्र या भागाचा जुना परिचय आहे. खाडीकाठची मिठागरे त्यावरच चालत आली. भरतीचे पाणी आगरात घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत घट्ट करायचे आणि पंधरा कोटी किलोमीटरवरून येणाऱ्या उन्हाने आटवायचे, अशी ती रीत. या यंत्रणेला बटण नव्हते, पासवर्ड नव्हता आणि पावसाळ्याचे चार महिने ती आपोआप बंद राहत असे. पुढे मिठागरांच्या शेजारी इमारती उठल्या, भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांतून स्टीलची भांडी घडू लागली, आणि गिझर येईपर्यंत कित्येक घरांत अंघोळीचे पाणी गॅसवर अशाच एका थोरल्या पातेल्यात तापू लागले. ते कढत पातेले दोन फडक्यांनी धरून, 'सरका, सरका' असे ओरडत स्वयंपाकघरातून बाथरूमपर्यंत न्यायचे असे. शाळेच्या पुस्तकात उष्णतेच्या संक्रमणाचे वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीनच प्रकार दिलेले आहेत. हा चौथा.

त्याच्याही आधी बंब होता. तांब्याचा, उभा, गोल. मधोमध आरपार नळकांडे, त्यात वरून कोळसे, काटक्या, नारळाच्या करवंट्या टाकायच्या. भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि बाजूला तोटी. आग आत आणि पाणी भोवती, ही रचना आजच्या बॉयलरला परकी वाटू नये. फरक नियंत्रणाचा. बंबाचा थर्मोस्टॅट बाहेर, पाटावर बसलेला असे आणि बहुतेक घरांत ती आजी असे. तापमान वाढवायचे तर एक करवंटी जास्त. उतरवायचे तर विसण. कढत पाण्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल इतके करणे म्हणजे विसण घालणे. एवढ्याशा कामासाठी मराठीने स्वतंत्र शब्द राखून ठेवला आहे, आणि त्याचे माप बोटाने घेतात. घंगाळात बोट बुडवून 'हं, झालं' म्हणेपर्यंत मोजणे, ताडून पाहणे आणि निर्णय देणे ही तिन्ही कामे उरकलेली असत. नरक चतुर्दशीच्या पहाटे हीच यंत्रणा ओळीने आठ-दहा माणसे न्हाऊ घाली. पाणी फार कढत आहे अशी तक्रार आली तर ती उलट उत्तरही देई. आजच्या कोणत्याही थर्मोस्टॅटला ते जमत नाही.

हे बोट यंत्राला लावण्याची खटपट युरोपात सतराव्या शतकापासून सुरू झाली. कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याची एक भट्टी केली होती. उष्णता वाढली की आतला पारा वर चढे, हवेची झडप मिटे आणि आग मंदावे. म्हणजे थर्मोस्टॅटने पहिली नोकरी केली ती कोंबडीच्या बदलीवर. विजेचा, खोलीत लावायचा थर्मोस्टॅट वॉरन जॉन्सन यांच्या नावावर आहे. ते अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरच्या अध्यापक विद्यालयात शिकवत. वर्ग तापला की गारठला, हे पाहायला शाळेचा शिपाई सारखा दार उघडून आत येई आणि मग तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा सरकवी. धड्यात पडणारा हा खंड बंद व्हावा म्हणून जॉन्सन मास्तरांनी डोके चालवले आणि १८८३ मध्ये पेटंट मिळवले. त्यांच्या यंत्राने तळघरात घंटी वाजे. झडप हलवायला शिपाई लागतच होता, फक्त त्याचे वर्गात डोकावणे थांबले. पुढे २०११ मध्ये नेस्ट नावाचा, घरातल्यांच्या सवयी बघून शिकणारा गोल थर्मोस्टॅट अमेरिकेच्या बाजारात आला, आणि २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलर मोजून घेतली. घरातल्या प्रत्येकाच्या सवयी ध्यानात ठेवणाऱ्या व्यक्ती मराठी कुटुंबांतही असतात. त्यांना असा भाव आल्याचे उदाहरण नाही.

मीरा-भाईंदरकरांची थर्मोस्टॅटशी ओळख झाली ती बहुधा उलट्या बाजूने, एसीमुळे. जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या घरगुती एसीला चालू केल्याबरोबर २४ अंशांवर येणे केंद्र सरकारने बंधनकारक केले. तो २४ वर किती वेळ राहतो, हे रिमोट कोणाच्या उशीखाली आहे त्यावर ठरते.

गिझरच्या पोटात मात्र थर्मोस्टॅट पूर्वीपासून आहे, आणि ही गोष्ट गिझर वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मान्य आहे. घरगुती टाकी ६, १०, १५ किंवा २५ लिटरची असते आणि आतली कॉइल बहुधा २००० वॉटची. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला सुमारे ०.६ युनिट वीज आणि अठरा-एकोणीस मिनिटे लागतात. पाणी ठरलेल्या अंशापर्यंत पोचले की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि दिवा विझतो. पाणी थोडे निवले की पुन्हा जोडतो. थर्मोस्टॅट बिघडलाच तर त्याच्यावर एक कटआउट असतो, आणि तोही चुकला तर जास्तीचा दाब सोडून देणारा व्हॉल्व्ह. टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमची एक कांडी आत स्वतः झिजत असते. इतका बंदोबस्त सोसायटीच्या गेटवरही नसतो. तरी गिझर लावून कोणी खोलीबाहेर गेले की घरातले वातावरण बॉम्बशोधक पथकाची वाट पाहिल्यासारखे होते.

(पाइपच्या गॅसवर चालणारा गॅस गिझर हा वेगळा प्रकार, आणि तिथे थट्टेला जागा नाही. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस समजायच्या आत बेशुद्ध पडतो. तो बाथरूमच्या बाहेर, खेळत्या हवेतच बसवायचा असतो.)

आता दूरनियंत्रणाची गरज. थंड देशातला माणूस फोनवरून थर्मोस्टॅट चालवतो तो आपण पोचण्याआधी घर उबदार व्हावे म्हणून. मीरा-भाईंदरमध्ये गरज उत्पन्न होते ती एका प्रश्नातून: 'गिझर बंद केला का?' या प्रश्नाचे ठरलेले वेळापत्रक आहे. घरात असताना तो कधीही पडत नाही. कुलूप लावताना, लिफ्टमध्ये, शेअर रिक्षात चौथ्या माणसाला जागा करून देतानाही त्याचा मागमूस नसतो. गाडीने मीरा रोड सोडले, दोन्ही हात वरच्या कड्यांत अडकले आणि आता बोरिवलीपर्यंत कूस बदलण्याचीही सोय उरली नाही, की तो पडतो. मग फोनाफोनी होते. नियमाप्रमाणे ज्याची अंघोळ शेवटची त्याच्यावर जबाबदारी येते. पण शेवटून दुसऱ्याने 'मी तुझ्यासाठी म्हणून चालूच ठेवला होता' असे सांगितले की प्रकरण लांबते आणि त्यात मागच्या वर्षीचा इस्त्रीचा विषय निघतो.

हिशेबाने पाहिले तर धोका फार मोठा नाही. तापलेल्या टाकीतून उष्णता जेवढी झिरपते तेवढीच वीज थर्मोस्टॅट पुन्हा घेतो. बरे अस्तर असलेला पंधरा लिटरचा गिझर कचेरीचे दहा तास चालू राहिला तरी फार तर पाव युनिट जाते, म्हणजे एका कटिंगचेही पैसे होत नाहीत. पण हे गणित घरात कोणी ऐकून घेत नाही. चालू राहिलेला गिझर हा विजेचा अपव्यय कमी आणि वळण नसल्याचा पुरावा जास्त मानला जातो. शिवाय काम झाल्यावर गिझर बंद करा, असे कंपन्यांच्या माहितीपुस्तिकांतही छापलेले असते, त्यामुळे काळजी करणाऱ्याची बाजू कागदोपत्री भक्कम आहे.

या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची पूर्वापार व्यवस्था म्हणजे शेजारच्या काकू. त्यांच्याकडे एक जादा चावी असते. फोन केला की त्या कुलूप उघडतात, आत जातात, बटण बघतात आणि कळवतात. तांत्रिकदृष्ट्या ही यंत्रणा कोणत्याही ॲपच्या पुढे आहे, कारण विचारलेल्याखेरीजही ती पुष्कळ माहिती देते: 'बंदच होता हो. पण दूध ओट्यावर राहिलं होतं, ते मी फ्रिजमध्ये ठेवलंय. गॅलरीतले कपडे घेतलेत. आणि कणिक किती मळलीत तुम्ही, दोघांना?' यातल्या शेवटच्या वाक्यासाठीच अनेक कुटुंबे स्मार्ट प्लगकडे वळली आहेत.

स्मार्ट प्लग हे गिझर आणि भिंतीवरचे सॉकेट यांच्या मध्ये बसवण्याचे यंत्र. वायफाय पोटातच असलेले गिझरही मिळतात, पण जुना गिझर चालू असताना नवा घेणे हे आपल्याकडे कारणाशिवाय होत नाही, आणि काळजी हे कारण धरत नाहीत. प्लग १६ अँपिअरचा लागतो. २००० वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, तीन लिटरचा ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर तेरा. दिव्यासाठी आणलेला छोटा प्लग इथे लावला तर काही दिवसांत जळका वास येऊन त्याचा स्मार्टपणा संपतो. खोक्यात नाजूक दिसणारा हा प्लग सॉकेटमध्ये बसल्यावर भिंतीपासून एवढा पुढे येतो की बाथरूमचे दार पुरते उघडत नाही. मग वायरमनला बोलावतात. तो 'अर्ध्या तासात आलो' म्हणतो, दुसऱ्या दिवशी येतो, बोर्ड उघडतो आणि प्लगकडे न बघता विचारतो, 'हे आधीचं काम कोणी केलंय?' आधीचे काम त्यानेच केलेले असण्याची शक्यता धरून चालावे. अर्थिंग आहे की नाही हे मात्र त्याच्याकडून याच वेळी तपासून घ्यावे, आणि पाणी व वीज एकत्र येतात तिथे गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर असलेला बरा.

पुढचा टप्पा वायफायचा. अशा प्लगना बहुधा २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय लागते, ५ चे समजत नाही. राउटर असतो हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, गणपतीच्या मूर्तीमागे. गिझर घराच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन भिंती, टाइल्स आणि पाण्याने भरलेले पिंप. फ्लॅट असा की हॉलमधली कुजबुज बाथरूममध्ये शब्दशः ऐकू येते, पण वायफायला ते अंतर झेपत नाही. ते जुळले की ॲप नाव, मोबाइल नंबर, राहण्याचे ठिकाण आणि यंत्र कुठल्या खोलीत आहे ते विचारते. खोल्यांची यादी तयार असते: लिव्हिंग रूम, मास्टर बेडरूम, स्टडी, गॅरेज, गार्डन. संडास आणि बाथरूम यांच्या मधला, वॉशिंग मशीन ठेवलेला पॅसेज यादीत नसतो. त्यामुळे शहरातले काही गिझर कागदोपत्री बागेत आहेत.

इथपर्यंतच्या अडचणी यंत्राच्या. खरी अडचण तत्त्वाची आहे. प्लग फोनवरून चालायचा तर त्याला सतत वीज मिळायला हवी. म्हणजे भिंतीवरचे लाल दिव्याचे बटण चोवीस तास खाली, चालू ठेवायला हवे. बाथरूममध्ये कोणी नसताना गिझरचे बटण खाली असणे ही गोष्ट मात्र महाराष्ट्रात वाढलेल्या कोणाही माणसाला बघवत नाही. जाता-येता त्याचा हात आपोआप जातो. बटण वर होते, प्लग मरतो आणि फोनवर 'ऑफलाइन' हा शब्द उमटतो. गाडीत उभ्या असलेल्या माणसाला आता गिझर बंद आहे की वायफाय बंद आहे की वीजच गेली आहे, हे कळायला मार्ग राहत नाही. पूर्वी त्याच्याजवळ एक शंका होती, आता तीन असतात. मग बटणावर चिकटपट्टी लावतात. चिकटपट्टीवर 'बंद करू नये' असे लिहितात. घरातली वडील मंडळी हे वाचतात, चिकटपट्टी हलकेच सोडवतात, बटण बंद करतात आणि चिकटपट्टी होती तशी नीट लावून ठेवतात. बोर्डाच्या आत, बटणाच्या मागेच बसणारे रिलेही मिळते. त्यात बटणाने चालू केलेला गिझर फोनने बंद होतो आणि फोनने बंद केलेला बटणाने चालू. खाली म्हणजे चालू आणि वर म्हणजे बंद हा दोन पिढ्यांचा भरवसा एका आठवड्यात नाहीसा होतो.

आणखी एक बारीक नोंद. प्लग स्वतः जागा राहायला थोडी वीज खातो. एखादा वॉट धरला तर महिन्याला पाऊण युनिट. म्हणजे महिन्यातून तीनदा गिझर विसरायला जितकी वीज लागते, तितकी तो न विसरण्यासाठी लागते.

संध्याकाळी घरी पोचायच्या आत पाणी तापवून ठेवण्याची सोयही या यंत्रात आहे, आणि तिच्यासाठी पश्चिम रेल्वेचा नकाशा जणू मुद्दाम आखलेला आहे. बोरिवली, दहिसर, मीरा रोड, भाईंदर. बोरिवलीला फोनवर बटण दाबले, भाईंदरला उतरून पश्चिमेच्या गर्दीतून वाट काढत घर गाठले की पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर हजर. कागदावर यात खोट नाही. पण विरार गाडीला बोरिवलीपाशी जी दाटी असते तीत फोन काढायला खिशात हात घालावा, तर तो खिसा आपला नाही हे मालकाने डोळे वटारल्यावरच कळते. शिवाय भाईंदरला उतरणाऱ्याने दहिसरपासून दाराकडे सरकायला सुरुवात करायची असते. त्या कामाला दोन्ही हात, दोन्ही कोपर आणि थोडे वक्तृत्व लागते. ज्याने गिझर लावला तो कधीकधी उतरू शकत नाही. गाडी खाडीचा पूल ओलांडून जाते, आणि नायगावला उतरून तो परत येईपर्यंत गिझरने पाणी तापवून, दिवा विझवून, थोडे निववून पुन्हा तापवायला घेतलेले असते.

एवढे जमले तरी पाणी यावे लागते. शहराला पाणी मिळते एमआयडीसी आणि शहाड-टेमघरच्या स्टेमकडून; तिथून ते सोसायटीच्या खालच्या टाकीत, पंपाने वरच्या टाकीत आणि मग ठरलेल्या वेळी नळाला. गिझरची टाकी रिकामी होत नाही, तिच्यात पाणी असतेच. पण ते बाहेर पडायला मागून गार पाण्याने ढकलावे लागते. वरची टाकी कोरडी असेल तर फोनवर सगळे हिरवे दिसते, आत पंधरा लिटर पाणी वाफाळत असते आणि नळ उघडल्यावर एक उसासा ऐकू येतो. फोनवरून टँकर चढवता येत नाही. त्यासाठी सेक्रेटरींना फोन करावा लागतो आणि ते ऑफलाइन असतात. गच्चीवर सोलर बसवलेल्या इमारतींत वेगळी कथा: तिथे खालच्या मजल्यांना पहिल्या दोन बादल्या गार येतात, आणि तिसरी गरम होईपर्यंत पाण्याचा टाइम संपतो.

घर तापवणारा खरा थर्मोस्टॅट मराठी कुटुंबाला भेटतो तो परदेशात. भाईंदरचे आईवडील हिवाळ्यात न्यू जर्सीला, एडिसनमध्ये मुलाकडे जातात तेव्हा पॅसेजच्या भिंतीवर आकडा दिसतो: ६८. ते फॅरनहाइट असतात, म्हणजे २० सेल्सिअस. पण अडुसष्ट हा आकडा वाचल्यावर बाबांना काही वेळ गरम होते. सत्य कळल्यावर ते गुपचूप ७८ करतात, म्हणजे पंख्याखालच्या भाईंदरइतके. मुलगा कचेरीत फोनवर ते बघतो आणि ६८ करतो. बाबा ७४ करतात. मुलगा ७०. पुढे एक-एक अंशाने तडजोड होत संध्याकाळपर्यंत ७२ वर प्रकरण मिटते. जेवताना दोघेही हा विषय काढत नाहीत. बापलेकांत एका दिवसात इतकी देवाणघेवाण त्यापूर्वी दहावीच्या निकालाच्या दिवशी झालेली असते. आईने या काळात स्वेटर, शाल आणि कानटोपी घालून स्वतःपुरता प्रश्न सोडवलेला असतो.

आईवडील परतले की थोड्या दिवसांनी भाईंदरच्या पत्त्यावर स्मार्ट प्लग येतो. मागवणारा एडिसनला असतो. आता दोघांचा गिझर तिकडून लागतो. हिवाळ्यात दोन्हीकडच्या घड्याळांत साडेदहा तासांचा फरक. भाईंदरला पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा एडिसनला आदल्या संध्याकाळचे सात. मुलगा कचेरीतून निघताना बटण दाबतो आणि साडेबारा हजार किलोमीटरवर लाल दिवा लागतो. अडचण एवढीच की बाबांची अंघोळ पाचलाच झालेली असते. दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास आधी लावतो. बाबा त्या दिवशी चारला उठतात. आठवड्याभरात आई भिंतीवरचे बटण बंद करून टाकते, आणि भाईंदरच्या रात्री अकरा वाजता फोन वाजतो.

'आई, गिझर ऑफलाइन दाखवतोय. सगळं ठीक आहे ना?'

'बटण बंद केलंय रे. तू जेवलास का?'

यानंतर बटण मधूनमधून बंद होऊ लागते. ते चुकून होते असे घरात सांगतात.

होळीनंतर गिझरचा हंगाम सरतो. प्लग निघतो; तो बेडरूमच्या एसीला लागतो किंवा दिवाळीत आकाशकंदिलाला. नऊ वॉटच्या दिव्यासाठी १६ अँपिअरचा प्लग म्हणजे निरांजनाला गोडेतेलाचा डबा जोडण्यासारखे आहे, पण पैसे दिलेले असतात. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात तापते आणि दुपारी नळाला येणारे पाणी हाताला चटका देते. पंधरा कोटी किलोमीटरवरची जुनी यंत्रणा पुन्हा ताबा घेते. अशा वेळी अंघोळीला गार पाण्याचे विसण लागते, आणि ते नळाला नसते. म्हणून आदल्या रात्री एक बादली भरून, वर ताट झाकून कोपऱ्यात ठेवतात. ती भरली की नाही, हे फोनवर दिसत नाही. काकूंना विचारावे लागते.